कुत्रा दर काही दिवसांनी ओकतोय? कुंड्या, निर्माल्य आणि खताचं पोतं कसं तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. कुत्रा आठ-दहा दिवस ठणठणीत असतो, मग एका संध्याकाळी लाळ गाळायला लागतो, दोन-तीनदा ओकतो, जेवणाकडे बघत नाही. डॉक्टरांकडे नेलं की उलटीचं इंजेक्शन, सलाईन आणि दुसऱ्या दिवशी उतार. पंधरवड्याने पुन्हा तेच. दरम्यान खाणं बदलून झालेलं असतं, जंताचं औषध देऊन झालेलं असतं, चिकन बंद होऊन दहीभात सुरू झालेला असतो. गॅलरीतल्या कुंड्या मात्र कुणी बघितलेल्या नसतात.

मुंबईतल्या फ्लॅटमधल्या कुत्र्याचा मुलूख लहान असतो: घर, गॅलरी किंवा बॉक्स ग्रिल, जिना, सोसायटीची बाग किंवा पोडियम आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन ठरलेल्या गल्ल्या. त्रास परत परत होतोय म्हणजे या मुलखात एखादी वस्तू परत परत येतेय. मुलूख लहान असल्यामुळे ती सापडतेही.

आधी हे बघा: शोधाशोध बाजूला ठेवून निघायचं कधी

शोधकाम कुत्रा बरा असताना करायचं. पुढचं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा: नाडी फार मंद किंवा मध्येच ठोका चुकणारी, तोल जाणं, अंग थरथरणं, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्याच राहणं, उलटीत किंवा शीमध्ये रक्त, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळट, तोंड-घसा सुजून श्वासाला आवाज येणं, ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर. आणि लक्षणं काहीच नसली, पण कुत्र्याने सायकसची (पामसारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाची) बी, कण्हेर, बिट्टी, गुंज किंवा एरंडाची बी चावल्याचं डोळ्यांनी दिसलं, तरीही लगेच निघायचं. पोट रिकामं करण्याचा फायदा साधारण पहिल्या एक-दोन तासांतच असतो.

नाडी मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ दोन बोटं हलकी टेकवून मिळते. अंगठा वापरू नका, स्वतःचेच ठोके मोजले जातात. १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. आरामात बसलेल्या मोठ्या कुत्र्याची साधारण ६० ते १००, लहान जातींची १४० पर्यंत. तापमान गुदद्वारातून घेतलेलं १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हे तिन्ही आकडे कुत्रा बरा असताना एकदा घेऊन फ्रिजवर चिकटवा. आजारपणात मोजलेला आकडा कशाशी ताडायचा तेच नसतं, तिथेच गाडं अडतं.

घरी काय करू नये ते स्पष्ट असलेलं बरं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मिठानेच विषबाधा होते. घशात बोटं घालू नका. तूप, एरंडेल, जळका टोस्ट, चुलीतला कोळसा यांचा उपयोग नाही. डॉक्टर जो कोळसा देतात तो सक्रिय केलेला असतो, वजनावर मोजून देतात, आणि गुंगीत असलेल्या कुत्र्याला घरी पाजला तर फुप्फुसात जातो. करण्यासारखं इतकंच: तोंडातला पाला बोटाने काढा, ओल्या फडक्याने जीभ-हिरड्या पुसा, झाडाची फांदी पिशवीत घ्या. नुसतं पान पुरत नाही. पान फांदीला कसं लागलंय, फूल, फळ आणि देठ तोडल्यावर चीक येतो का, हे सगळं दिसेल असे फोटो काढा. कुत्र्याचं वजन, खाल्ल्याची वेळ आणि अंदाजे प्रमाण कागदावर लिहा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल किंवा महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय असो, की गल्लीतले डॉक्टर, रात्री आकस्मिक विभागात कोण असतं ते आजच फोन करून विचारून ठेवा. पावसात तुंबलेल्या रस्त्यावर टॅक्सीत बसून ही चौकशी करायची वेळ येऊ नये.

पहिली पायरी: घड्याळ

खाणं आणि पहिलं लक्षण यांत किती वेळ गेला, यावरूनच अर्धी झाडं बाद होतात.

काही मिनिटांत लाळ, पंजाने तोंड घासणं, ओरडणं: अळूच्या कुळातलं झाड. मनी प्लांट, सिंगोनियम, डिफेनबॅकिया, पीस लिली, मॉन्स्टेरा, झेड-झेड प्लांट. पावसाळ्यात हेच लक्षण फोडफोड अंगाचा मोठा बेडूक तोंडात धरल्यानेही येतं. तसं असेल तर कुत्र्याचं तोंड खाली झुकवून नळाच्या हलक्या धारेने पाच-दहा मिनिटं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका.

अर्ध्या-एक तासात बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं, भ्रमिष्टासारखं भिंतीकडे बघणं: धोत्रा.

काही तासांत उलट्या-जुलाब: इथे गर्दी आहे. कोरफड, ड्रॅसिना, लकी बांबू, स्नेक प्लांट, स्पायडर लिलीचे कांदे, चाफ्याचा चीक. यात कण्हेर, बिट्टी, रुई, अडेनियम आणि पानफुटीही येतात, पण त्यांत उलटीपाठोपाठ नाडी बिघडते. म्हणून उलटी झाली की नाडी मोजायचीच.

काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत उशिराने रक्ती जुलाब, पोटदुखी, गळाठा: एरंड किंवा गुंज. खत म्हणून घालायची एरंडी पेंडही यातच.

सुरुवातीला उलट्या, मग बरं वाटल्यासारखं, आणि दोन-तीन दिवसांनी पिवळेपणा: सायकस. मधला बरा दिवस फसवा असतो. यकृत तेव्हाच खराब होत असतं.

दुसरी पायरी: कॅलेंडर

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि वारंवार होणाऱ्या त्रासाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. मागच्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक त्रासाची तारीख लिहा. दवाखान्याच्या पावत्या, घरच्या ग्रुपवरचे 'परत ओकला' असे मेसेज, औषधांची बिलं, यांतून तारखा निघतात. त्या एका ओळीत मांडा आणि शेजारी वार लिहा. मग विचारा:

रविवारी? शनिवारी मारुतीला घातलेला रुईच्या पानांचा हार रविवारी उतरतो आणि निर्माल्याच्या पिशवीत जाऊन स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून बसतो. रुईच्या पानात आणि चिकात हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात, चीक डोळ्यात गेला तर डोळ्यालाही इजा होते. सोमवार-मंगळवारी, त्यातही श्रावणात? महादेवाला वाहिलेला धोत्रा, पिवळ्या बिट्टीची फुलं, कण्हेर. भाद्रपदात? हरतालिका आणि गणपतीच्या पत्री. एकवीस पत्रींमध्ये धोत्रा, कण्हेर आणि रुई तिन्ही येतात, आणि दादरच्या फुलबाजारातून आणलेली पत्रीची जुडी मखराखाली जमिनीवर, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर पडलेली असते. पूजा बंद करायची गरज नाही. निर्माल्याची पिशवी ओट्यावर किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा, पत्री आल्याबरोबर निवडताना ही तीन वेगळ्या कागदात बांधा, आणि विसर्जनापर्यंत चौरंगाभोवतीचं रोज दोनदा झाडा. कण्हेरीचं वाळलेलं पानही तितकंच विषारी असतं. सुकलं म्हणून निवांत राहू नका. हार किंवा फुलं ज्या पाण्यात ठेवली ते पाणीही मोरीत ओता.

माळी येण्याच्या दुसऱ्या दिवशी? मग छाटणीचा ढीग किंवा खत, हे दोन संशयित. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर आहे. जून-जुलैतच? पहिल्या पावसानंतर कंपाउंडच्या कडेला आपोआप उगवणारं रानअळू, एरंडाची रोपं, धोत्रा, आणि आरे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने फिरवत असाल तर कळलावी. कळलावीचं लाल-पिवळं फूल देखणं, पण तिच्या सगळ्या भागांत, सगळ्यांत जास्त कंदात, कोल्चिसिन हे विष असतं. ती पोटापासून रक्तपेशींपर्यंत सगळीकडे घात करते. मातीत नाक खुपसून उकरणाऱ्या कुत्र्याला म्हणून जास्त जपायचं.

तारखांत काहीच मेळ दिसत नसेल तर स्रोत रोजच्या आवाक्यातला आहे. सरळ कुंड्यांकडे जा.

तिसरी पायरी: उलटी टाकून देऊ नका

किळसवाणं काम आहे, पण दहा मिनिटांत जे कळतं ते दहा तपासण्यांत कळत नाही. हातमोजे घाला. उलटी एका टाकाऊ चहाच्या गाळणीत घ्या, नळाच्या बारीक धारेखाली धुवा, उरलेला चोथा पांढऱ्या थर्माकोलच्या ताटलीत पसरा आणि टूथपिकने तुकडे सुटे करा. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळतं.

तुकडे काय सांगतात? जाड, चामड्यासारखं, अरुंद पान, मध्ये ठळक शीर आणि तिच्यापासून जवळजवळ काटकोनात, कंगव्याच्या दातांसारख्या दाट समांतर निघालेल्या बारीक शिरा: कण्हेर. झाडावर ही पानं बहुधा तिनातिनांच्या झुबक्याने येतात. गुळगुळीत, मऊ, हिरवट-पिवळे शिंतोडे असलेलं पान: मनी प्लांट किंवा डिफेनबॅकिया. कडेला दंतुर, गरदार पान: पानफुटी. कडक, सुईसारख्या टोकाची पातळ पाती: सायकस. बारीक लांब तंतू आणि बाकी काही नाही: साधं गवत, आणि मग झाडांवरचा संशय बराचसा मिटतो. तपकिरी, भुसभुशीत, तेलकट, शेंगदाण्याच्या कुटासारखं काही दिसलं तर खताच्या भागाकडे जा.

गॅलरीत खाल्लेलं पान सापडलं म्हणून ते कुत्र्यानेच खाल्लं असं मात्र धरू नका. कण्हेरीवर एका पतंगाची जाडजूड हिरवी अळी येते. ती कडेपासून गुळगुळीत कमानी कापत जाते आणि खाली काळपट लेंड्या पाडते. गोगलगायीने खाल्लं असेल तर आसपास वाळलेल्या चिकाची चकाकती रेघ असते. कुत्र्याचा दात पान फाडतो: कड चिंधीसारखी, मध्ये चुरगळल्याच्या खुणा, कधी दाताचं आरपार भोक.

चौथी पायरी: गुडघ्यांवर बसून पाहणी

उभ्याने बघितलेली गॅलरी आणि कुत्र्याला दिसणारी गॅलरी वेगळी. खरंच गुडघ्यांवर बसा आणि दीड फूट उंचीवरून एक फेरी मारा. बॉक्स ग्रिलमधून आत डोकावणाऱ्या फांद्या, कुंडीमागे गळून पडलेली पानं, बाटलीत मुळं फोडायला ठेवलेला मनी प्लांट, लकी बांबूचं भांडं, कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी. हे पाणी कुत्रे आवडीने पितात, आणि कुंडीत टाकलेलं खत-औषध त्यातच उतरलेलं असतं. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटल्या रिकाम्या करायची सवय लावली तर एक अख्खा संशयित संपतो.

आता झाडं. सगळी सारखी धोकादायक नसतात, आणि सरसकट याद्या वाचून घाबरणारे लोक मनी प्लांट फेकतात आणि सायकस ठेवतात.

सायकस हे सगळ्यांत आधी घालवायचं झाड. सोसायटीच्या गेटपाशी, लॉबीत, पोडियमवर शोभेसाठी हमखास असतं. बुंधा अननसासारखा खरबरीत, त्यातून चक्राकार निघालेली ताठ, टोचणारी पानं. मादी झाडाच्या डोक्यावर मखमली पुंजक्यात अक्रोडाएवढ्या केशरी-लाल बिया धरतात आणि पिकल्या की खाली पडतात. कुत्रा ती चेंडूसारखी उचलतो. झाडाचा प्रत्येक भाग विषारी, पण बी सगळ्यांत जास्त. एक-दोन बियाही जीव घेऊ शकतात आणि उपचार करूनही बरेच कुत्रे वाचत नाहीत. तिच्याच नात्यातलं, जाड पुठ्ठ्यासारख्या पानांचं झामिया हेही नव्या इमारतींच्या पोडियमवर सर्रास लावतात. त्यालाही तोच नियम. अरेका पाम मात्र निर्धोक आहे. त्याला बांबूसारखी पेरं असलेले अनेक पिवळट दांडे जमिनीतून एकत्र येतात आणि पानं मऊ असतात. 'पाम आहे' एवढ्यावर थांबू नका, कुठला ते बघा. सायकस खाल्ल्याची शंका असेल तर डॉक्टरांना यकृताची तपासणी आणि रक्त गोठण्याची वेळ २४, ४८ आणि ७२ तासांनी पुन्हा करायला सांगा. पहिल्या दिवशीचा चांगला रिपोर्ट काही सिद्ध करत नाही.

हृदयावर जाणारी मंडळी: कण्हेर, बिट्टी, रुई, अडेनियम, पानफुटी आणि तिची नर्सरीतली बहीण कलांचो. कण्हेर महामार्गांच्या दुभाजकांवर लावतात कारण तिला धूर-ऊन सोसतं आणि गुरं तोंड लावत नाहीत. कुत्राही सहसा पानं चरत नाही, पण काठी खेळतो. छाटणीच्या ढिगातली कण्हेरीची सरळ फांदी उचलून फेकणारे मालक दर बागेत सापडतात. चेंडू न्या, फांदी कुठलीही फेकू नका. अडेनियमचा फुगीर बुंधा गॅलरीची शान असतो आणि दर वर्षी छाटला जातो; छाटलेले तुकडे कुंडीच्या कडेला खोचून ठेवतात, तिथून ते कुत्र्याच्या तोंडी जातात. पानफुटी मुतखड्यावरचा घरगुती उपाय म्हणून ठेवलेली असते. तिच्या फुलांत विष जास्त. या गटातलं काही खाल्लं असेल तर ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम या दोन तपासण्या मागा.

अळूचं कुळ त्रास देतं, पण जीव घेण्यापर्यंत क्वचित जातं. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू नीट शिजलं नाही, चिंच कमी पडली, की घसा खाजतो ते यांच्यामुळेच. कुत्र्याचा कच्चा घास म्हणजे तीच खाज कित्येक पट. एकदा भाजलेला कुत्रा बहुधा परत जात नाही, म्हणून वारंवारच्या त्रासामागे हे कुळ कमी वेळा असतं. दात येणारी तीन ते सहा महिन्यांची पिल्लं याला अपवाद. ती काहीही चावतात. तोंड धुवून दोन-चार चमचे गार दही किंवा दूध द्या, त्यातलं कॅल्शियम उपयोगी पडतं. दोन-तीन तासांत उतार पडला नाही किंवा गळा सुजला तर डॉक्टर.

कोरफडीचा एक आडवाटेचा प्रकार लक्षात ठेवा. सालीखाली जो पिवळा कडू चीक असतो तो जुलाब करतो. कुत्रा पान खात नाही, पण खाज आली म्हणून घरचे त्याच्या अंगाला ताजा गर चोळतात, तो चाटतो, पातळ शी होते, आणि खाज परत आली की हे चक्र परत. लावायचाच असेल तर पान कापून अर्धा तास उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, साल पूर्ण काढा, आणि वाळेपर्यंत चाटू न देणारा प्लास्टिकचा कोन गळ्यात घाला.

लिलीबद्दल उगाच घबराट आहे. मूत्रपिंड निकामी करणारी लिली ही मांजरांची वैरीण. कुत्र्याला तिने पोट बिघडतं. पीस लिली तर लिलीच नव्हे, अळूच्या कुळातली. पण सोसायटीच्या कडेकडेने लावलेली पांढरी स्पायडर लिली आणि नागदवणा यांचे कांदे उकरणाऱ्या कुत्र्याला दणकून उलट्या करवतात. उकरायची सवय असेल तर कांद्यांवर वीतभर मातीखाली कोंबड्यांची जाळी पसरून टाका.

पाचवी पायरी: खताचं पोतं

झाडं सगळी निर्दोष, तरी दर पंधरा-वीस दिवसांनी त्रास, आणि तो माळी येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांनी? पोतं बघा. एरंडी पेंड हे नायट्रोजन देणारं चांगलं आणि स्वस्त सेंद्रिय खत, म्हणून नर्सरीवाले कौतुकाने देतात. एरंडाच्या बीतून तेल काढल्यावर रायसिन हे विष तेलात जात नाही, पेंडीत राहतं. नीट उष्णता देऊन ते मोडलं नसेल तर पोत्यात ते जसंच्या तसं असतं, आणि पोत्यावर तसं काही लिहिलेलं नसतं. वर बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, त्यात मिसळला की कुत्र्याच्या दृष्टीने ते जेवणच. तो कुंडीतली माती उकरून खातो. आपल्याला वाटतं, माती खातोय, पोटात जंत असतील.

ओळखायचं कसं? कुंडीतल्या मातीवर नाकाचा आणि पंजांचा खड्डा, पान एकही तुटलेलं नाही. नाकावर माती. त्रास खाल्ल्यावर लगेच नाही, अर्ध्या ते दोन दिवसांनी. माळ्याला 'कोणतं खत घातलं' असं विचारलं तर उत्तर 'सेंद्रिय' एवढंच येतं. पोतं दाखवायला सांगा. एरंडी पेंड असेल तर बंद करा, वरची तीन-चार इंच माती काढून टाका आणि त्या जागी गांडूळखत घाला. निंबोळी पेंड कडू असल्याने कुत्रे बहुधा टाळतात. बोनमील एकट्याने विषारी नसलं तरी मूठभर पोटात गेलं की त्याचा घट्ट गोळा होतो. वापरायचं असेल तर वर भुरभुरू नका, लावणीच्या वेळी मुळांशी तळाला घाला. मोहरीची पेंड पाण्यात कुजवून घालणाऱ्यांनी ती बादली झाकून ठेवावी, तिचा वास कुत्र्याला चार मजल्यांवरून ओढतो.

औषधांकडे एक नजर. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकायच्या गोळ्यांत मेटाल्डिहाइड असेल तर एक ते चार तासांत थरथर, झटके आणि प्रचंड ताप येतो. अशा वेळी साध्या पाण्याने अंग ओलं करून पंखा लावा आणि निघा, बर्फ नको. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचलेल्या बऱ्या. माळ्याच्या कोठीत फोरेट या कीटकनाशकाचा जुना डबा असेल तर तो कुणाला वापरू देऊ नका. ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, तरी जुने डबे टिकून असतात. लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या आणि थरथर एकत्र दिसली तर झाड सोडा, फवारणीबद्दल विचारा. सोसायटीचा कंपोस्ट खड्डा उघडा असेल तर तोही संशयित: बुरशी आलेल्या अन्नाने कुत्र्याला कंप सुटतो.

सहावी पायरी: काढून बघणं

एका वेळी सगळं बदललं तर कारण कळत नाही; एकेक बदललं तर वेळ लागतो. व्यवहारी वाट अशी. जीवघेणा गट (सायकस, कण्हेर, बिट्टी, अडेनियम, पानफुटी, रुई, एरंड, गुंज) पहिल्याच दिवशी आवाक्यातून हलवा, त्यावर प्रयोग करायचा नाही. एरंडी पेंडही त्याच दिवशी बंद. बाकीचं आहे तसं ठेवा आणि नोंदवही चालू ठेवा. किती दिवस? त्रास दर पंधरा दिवसांनी होत असेल तर दहा दिवस बरे गेले याला अर्थ नाही. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट, म्हणजे दीड महिना निर्वेध गेला तर कारण हललं असं धरा. मध्येच त्रास झाला तर दुसरा गट काढा: कोरफड, ड्रॅसिना, लिलीचे कांदे.

हलवणं म्हणजे उंचावर टांगणं, हा समज सोडा. टांगलेल्या झाडाची पानं खालीच पडतात. सायकस काढताना जाड हातमोजे घाला, बुंध्याशी फुटलेली पिल्लं आणि खाली पडलेल्या बिया मोजून उचला. कण्हेरीचा पाला जाळू नका, धूरही बाधतो. सगळं बंद पोत्यात घालून महापालिकेच्या कचऱ्यात द्या, सोसायटीच्या कंपोस्टमध्ये नको.

कमिटीपुढे जाताना पंचवीस झाडांची यादी नेऊ नका, ती फायलीत जाते. तीन मागण्या न्या: पायवाटेलगतचे सायकस काढा, छाटणीचा ढीग त्याच दिवशी उचला, एरंडी पेंड थांबवा. आणि बदली झाड सोबत सुचवा. सायकसच्या जागी अरेका, कण्हेरीच्या कुंपणाऐवजी एक्झोरा किंवा कर्दळ, वाफ्यांत तेरडा, झिनिया, गुलाब, सुगंधाला मोगरा. लहान मुलं खाली खेळतात, हेही सांगा. त्याने काम लवकर होतं.

घरात कुत्र्याला चावायला त्याचं स्वतःचं गवत द्या. पसरट ट्रेमध्ये दोन इंच माती, त्यावर रात्रभर भिजवलेले मूठभर गहू दाट पेरा, वरून बोटभर माती. आठ-दहा दिवसांत वीतभर वाढतं. दर आठवड्याला नवा ट्रे पेरला तर खंड पडत नाही. दूर्वांची कुंडीही चालते, कुत्र्यांना ती आवडतेच. गवती चहा मात्र देऊ नका, पोट बिघडतं.

तरीही थांबत नसेल

सगळं करूनही उलट्या होत असतील तर वेळ बघा. पहाटे पाच-सहाला, पिवळा फेस, पाल्याचा तुकडाही नाही, आणि तासाभराने कुत्रा नेहमीसारखा जेवतो: हे बहुतेक रिकाम्या पोटातलं पित्त. संध्याकाळी सातला जेवण आणि मग सकाळी नऊपर्यंत काही नाही, असं वेळापत्रक असलं की होतं. पित्ताची जळजळ शमवायला तो सकाळी खाली नेल्यावर गवत खातो, गवतामुळे पुन्हा ओकतो, आणि आळ सोसायटीच्या बागेवर येतो. रात्रीच्या जेवणातला चौथा हिस्सा बाजूला काढून झोपण्याआधी, अकराच्या सुमारास द्या. दहा दिवसांत फरक पडला नाही, किंवा वजन उतरत असेल, तर नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.